पाठीमागून कोण गातंय?

गेल्या चवथीला पाहुण्यांची वर्दळ ओसरल्यावर मी आईला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि बाबांची कॅसेट लावली. म्हणजे कॅसेट नव्हे, कॅसेटवरून उतरवून घेतलेली फाइल. १९८८ सालच्या आमच्या गावच्या जत्रेतलं 'संगीत सौभद्र'. बाबा नारद. गल्फहून सुट्टीवर आलेल्या काकांनी आपला नवाकोरा स्टीरिओ टू-इन-वन पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर ठेवून ते नाटक टेप केलं होतं. बाबांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्यांच्या आवाजाची घरात उरलेली ही एवढीच खूण. ती आईला जमेल तेवढी चांगली ऐकवावी, म्हणून मी खोलीतले पाचही स्पीकर आणि वूफर चालू केले.

बाबांनी सूर लावला. आईने जरा वेळ ऐकलं, मान वळवून मागे भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे फाटल्यान कित्याक गायतात?"

मला उत्तर देता आलं नाही. समोर रंगमंच, समोर नारद, आणि आवाज मात्र पाठीमागून. वास्तविक हा संच मी २००७ साली घेतला, तेव्हापासून गाणी अशीच ऐकत आलो होतो. घरी आणून जोडला त्या दिवशी सिनेमा लावला तर सगळे स्पीकर बोलले, पण गाणं लावलं की समोरचे दोनच. बाकीचे मुके. संच बिघडला समजून दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "सेटिंगात जाऊन सगळे स्पीकर ऑन करा." केले. पाचही वाजू लागले, पैसे वसूल झाल्यासारखे वाटले. त्यात काही चुकतंय हे कळायला आईचा प्रश्न यावा लागला.

आम्हा कारकुनांना एक खोड असते. एखादं प्रकरण कळेनासं झालं की फाइल पहिल्या पानापासून उघडायची. तशी ही उघडली, आणि पहिलं पान निघालं १८८१ सालचं.

त्या वर्षी पॅरिसमध्ये विजेच्या यंत्रांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. क्लेमां आदेर नावाच्या फ्रेंच अभियंत्याने पॅरिसच्या ऑपेरागृहात रंगमंचाच्या पुढच्या कडेला डावी-उजवीकडे टेलिफोनचे प्रेषक मांडले आणि तारा थेट प्रदर्शनाच्या इमारतीपर्यंत नेल्या. तिथे माणसं दोन कानांना दोन रिसीव्हर लावून उभी राहत. डाव्या कानात डावीकडचा आवाज, उजव्या कानात उजवीकडचा. गायक रंगमंचावर चालत गेला तर तो चालल्याचं कानाला कळायचं. गंमत अशी, की त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' रंगभूमीवर आलं. म्हणजे बाबांचं नाटक आणि दोन कानांचं हे ऐकणं जवळजवळ एकाच वयाचं.

दुसरं मोठं पान १९३१ चं. इंग्लंडात ॲलन ब्लमलाइन नावाचा तरुण अभियंता होता. बोलपट नवे होते. असं सांगतात की तो होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेला असता त्याला खटकलं, की नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज मात्र भलत्याच जागेवरून येतो. आईला जे खटकलं, तेच. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने पेटंटसाठी अर्ज केला. दोन मायक्रोफोन कसे ठेवायचे, आणि तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कसे कोरायचे, हे सारं त्या एका अर्जात होतं. १९३४ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत त्याने या पद्धतीने वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रणही केलं. पण बाजाराला त्याची घाई नव्हती. ब्लमलाइन १९४२ साली रडारची चाचणी घेताना विमान अपघातात गेला, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी. स्टीरिओ तबकड्या दुकानात आल्या त्या १९५८ मध्ये. त्याला त्या पाहता आल्या नाहीत.

त्याच्या विचारात एक साधं अंकगणित होतं, ते इथे सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. डावा आणि उजवा आवाज असे दोन असले, की त्यांची बेरीज करता येते आणि वजाबाकीही. जो आवाज दोन्हीकडे सारखा आहे, म्हणजे बहुधा मधोमध उभा असलेला गायक, तो बेरजेत दुप्पट होतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. वजाबाकीत उरतं ते दोन्ही बाजूंना वेगवेगळं पोचलेलं. कडेची वाद्यं, सभागृहाचा घुमारा, लोकांच्या टाळ्या. स्टीरिओ तबकडीवरची सुईसुद्धा हेच करते. तिची आडवी हालचाल म्हणजे बेरीज, उभी हालचाल म्हणजे वजाबाकी.

आता कोणी विचारील, की दोनच का? तीन का नाहीत? हा प्रश्न तेव्हाही पडला होता. २७ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तो तीन मायक्रोफोन आणि तीन स्पीकरांतून. डावा, मधला, उजवा. संगीतकार लिओपोल्ड स्टोकोव्हस्की वाद्यवृंद सहकाऱ्यावर सोपवून स्वतः वॉशिंग्टनला यंत्राच्या चाव्या फिरवत बसला होता. तीन अधिक चांगले हे सगळ्यांना मान्य होतं. पण खाचेला भिंती दोनच. म्हणून घरातलं संगीत दोन पदरी झालं. पुढे कॅसेट आली ती दोन पदरी, सीडी आली ती दोन पदरी, आणि आज आपण उतरवून घेतो त्या फाइलीही बहुतेक दोन पदरीच.

सिनेमाचं तसं नव्हतं. डिस्नेच्या १९४० च्या 'फँटेशिया'साठी थिएटरात वेगळी यंत्रणा बसवून प्रेक्षकांच्या भोवतीही आवाज फिरवला गेला. खर्च एवढा, की ती मोजक्याच थिएटरांत लागली. १९५३ च्या 'द रोब'मध्ये चार चुंबकीय पट्ट्या आल्या, तीन समोरच्या आणि एक सभागृहासाठी. आपल्याकडे १९७५ सालच्या 'शोले'च्या ७० मिलिमीटर प्रती स्टीरिओफोनिक आवाजासह लागल्या, ते मुंबईच्या मिनर्व्हात पाहिलेली माणसं अजून सांगतात. पण चुंबकीय पट्ट्यांच्या प्रती महाग, झिजणाऱ्या. साध्या प्रतीवर आवाजासाठी एक अरुंद चिरोटी तेवढी. तीत फार तर दोन पदर बसणार. दोन पदरांत चार आवाज कसे घालायचे?

उत्तर त्या वजाबाकीत होतं. १९७० च्या सुमाराला डेव्हिड हाफलर नावाच्या अमेरिकन माणसाने एक युक्ती प्रसिद्ध केली. मागचा स्पीकर नेहमीसारखा जोडायचा नाही. ॲम्प्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंच्या 'प्लस' टोकांमध्ये तो जोडायचा. म्हणजे त्यातून फक्त फरक वाहणार. गायक समोरच राहतो, आणि मागे ऐकू येतो सभागृहाचा श्वास. तारेच्या तुकड्यापलीकडे खर्च नाही. (आजच्या ॲम्प्लिफायरवर हा प्रयोग करू नये. अनेकांची जोडणी वेगळी असते, जळून जाईल.)

त्याच सुमारास कंपन्यांनी चार स्पीकरांच्या तबकड्या काढल्या. प्रत्येकीची रीत वेगळी, एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर धड वाजेना. गिऱ्हाईक कंटाळलं, आणि दशक संपण्याआधी तो सारा पसारा आटोपला. पण कल्पना मेली नाही, ती सिनेमाने उचलली. डॉल्बीने मागचा आवाज दोन्ही पदरांत एकमेकांच्या उलट करून मिसळला. समोर त्या दोघांची वजाबाकी केली की उलट असलेला तो आवाज मोकळा होऊन मागे जातो. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ने ही रीत जगभर नेली. १९८२ पासून ती घरच्या यंत्रांत आली, १९८७ मध्ये 'प्रो लॉजिक' नावाने सुधारली. हे रे डॉल्बी, ज्यांचं नाव आपण कॅसेट प्लेअरच्या बटणावर वाचत आलो, ते कंपनी काढण्याआधी दोन वर्षं संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतात काम करत होते. इथून लंडनला जाऊन त्यांनी १९६५ मध्ये कंपनी सुरू केली.

आता आपल्या टेबलावर येऊ. कॉम्प्युटरला चार स्पीकर जोडता येतील अशी साउंड कार्डं १९९८ च्या सुमाराला लोकप्रिय झाली, आणि २००० नंतर पाच अधिक वूफर हा प्रकार साध्या मदरबोर्डवरही आला. हिरव्या भोकात समोरची जोडी, काळ्यात मागची, नारिंगीत मधला आणि वूफर. सिनेमाच्या डीव्हीडीत सहा पदर असतात, म्हणून सहाही बोलतात. गाण्यात दोन, म्हणून दोन बोलतात. माझा संच बिघडला नव्हता. तो प्रामाणिक होता.

दुकानदाराने सुचवलेलं सेटिंग होतं नक्कल करण्याचं. विंडोजच्या काही ड्रायव्हरांत त्याला 'स्पीकर फिल' म्हणतात. समोरचा डावा मागच्या डाव्यात, समोरचा उजवा मागच्या उजव्यात. सरळ झेरॉक्स. आमची खोली दहा बाय बारा. आईची खुर्ची मागच्या भिंतीजवळ. मागचे स्पीकर तिच्यापासून तीन फुटांवर, समोरचे सात फुटांवर. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे एक फूट जातो. म्हणजे बाबांचा मागचा आवाज तिच्या कानी चार मिलिसेकंद आधी पोचत होता, आणि वर मोठाही. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली दाखवून दिलं, की तोच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला तर कान आधी आलेल्या आवाजाच्या दिशेलाच गायक उभा करतो. त्यासाठीच डॉल्बीच्या यंत्रात मागचा आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडतात. आईचा कान अगदी बरोबर होता. चूक माझ्या झेरॉक्सची होती.

मग नक्कल बंद केली आणि 'फूबार' या फुकट मिळणाऱ्या प्लेअरमध्ये वजाबाकी करणारी जोड बसवली. मागच्या स्पीकरांचा आवाज निम्म्याने उतरवला. प्रयोग म्हणून आधी केसरबाई केरकरांची जुनी मुद्रिका लावली. मागून काहीच नाही! कारण उघड आहे. ते ध्वनिमुद्रण एकपदरी. डावा आणि उजवा एकच, तेव्हा वजाबाकी शून्य. केरीच्या या बाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली ती तशीच, एका पदरात. त्यात कुठे काही कमी आहे असं मला कधी वाटलं नाही. असली गाणी समोरच्या दोन स्पीकरांवरच ऐकावीत, त्यांना उगाच खोलीभर फिरवू नये. स्टुडिओत केलेल्या स्टीरिओ गाण्यांचं प्रत्येकाचं वेगळं निघालं. कुठे मागून नुसता घुमारा येतो, तर कुठे आख्खं व्हायोलिनच मागे जाऊन बसतं. त्या यंत्राला कोणी काही सांगितलेलं नसतं. ते फक्त वजाबाकी करतं.

पण काकांचा टू-इन-वन रंगमंच आणि मंडप यांच्या मध्ये होता. त्याला दोन टोकांना दोन मायक्रोफोन. त्याने दोन्ही टिपलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईला पुन्हा बसवलं, खुर्ची जरा पुढे घेऊन. बाबा समोर आले. ऑर्गन किंचित उजवीकडे. आणि मागे, हळू आवाजात, मंडप. कोणाचं तरी खोकणं, एक रडणारं पोर, लांब कुठेतरी फटाक्याची माळ. हे सारं कॅसेटमध्ये पहिल्यापासून होतं. बाबांच्या आवाजाच्या मागे दडलेलं असल्यामुळे इतक्या वर्षांत आम्ही ते कधी ऐकलंच नव्हतं. एका पदाच्या शेवटी मागून वन्समोअरचा गलका झाला, तेव्हा आई चटकन सरळ बसली.

या वेळी तिने मागे वळून पाहिलं नाही. एवढंच म्हणाली, की त्या रात्री ती चौथ्या रांगेत बसली होती, आणि ते रडणारं पोर बहुतेक मीच.