वडगावचा भोंगा

मराठीत 'नाद' हा शब्द फार सोयीचा आहे. कुस्तीचा नाद, कबुतरांचा नाद, भजनाचा नाद, बैलगाडा शर्यतीचा नाद. नाद लागतो, पोरगे नादी लागते आणि घरच्यांचे नशीब थोर असेल तर नाद सुटतो. 'व्यसन' म्हटले की मात्र दवाखाना, नातेवाइकांची कुजबुज आणि डॉक्टरची फी डोळ्यांपुढे येते. शाळांच्या पालकसभांत आता मोबाइलला सर्रास 'व्यसन' म्हणतात. इतिहासाची पदवी माझ्याजवळ नाही. नोकरी सांभाळून सातारा-सांगली भागातल्या गावांच्या जुन्या गोष्टी टिपून ठेवायची सवय तेवढी आहे. त्या टिपणांतून पाहिले, तर मोबाइलला नादांच्या रांगेत बसवावे की व्यसनांच्या, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

हा मुलूख नादांना नवखा नाही. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले आणि पुढे नाटक कंपन्यांच्या मागे घर सोडून गेलेल्या पोरांच्या कथा घराघरांत झाल्या. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी वतनदाराच्या घरातले. ते तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. आज आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो. पण त्या काळी त्या घराला काय सोसावे लागले असेल, याचा विचार फारसा कोणी करत नाही. नादाचा इतिहास बहुधा ज्यांना तो फळला त्यांच्याच बाजूने लिहिला जातो.

पण या जुन्या नादांना एक काठ होता. नाटक पहाटे का होईना, संपत असे. जत्रा उठली की तंबूतला सिनेमाही उठे. 1963 मध्ये सांगलीला आकाशवाणी केंद्र आले, तरी कार्यक्रमाला वेळ होती आणि सभा संपली की रेडिओ गप्प होई. 1987-88 मध्ये 'रामायण' लागले की रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, पण मालिका संपली की माणसे पुन्हा विहिरीवर, रानात दिसत. बंद करण्याचे काम दुसरेच कोणी तरी करत होते. त्यासाठी पोराला मनोनिग्रह लागत नव्हता आणि बापाला आवाज चढवावा लागत नव्हता.

हा काठ आधी केबलने खचवला. 2016 मध्ये स्वस्त डेटा आला आणि तो वाहून गेला. मग मार्च 2020 आला. तोवर ज्या शाळा दप्तरात मोबाइल सापडला तर पालकांना बोलावून घेत, त्याच शाळांनी मोबाइलशिवाय हजेरी लागणार नाही असे कळवले. आमच्या भागात ऊसबिलाच्या भरवशावर, कुठे उसनवारी करून फोन घेतले गेले. पहिली ते चौथीचे वर्ग ग्रामीण भागात भरायला डिसेंबर 2021 उजाडला. दीड वर्षाहून अधिक काळ शिक्षण म्हणून जी वस्तू हातात दिली, ती शाळा उघडताच पोराने खाली ठेवावी, ही अपेक्षा मला तरी न्यायाची वाटत नाही.

'इंटरनेटचे व्यसन' हा शब्दप्रयोगही गमतीतून रूढ झाला आहे. 1995 मध्ये इव्हान गोल्डबर्ग या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने रोगांच्या वाढत्या याद्यांची थट्टा म्हणून हा आजार रचला. लोकांनी तो खराच मानला. पुढच्याच वर्षी किंबर्ली यंग यांनी त्यावर गंभीरपणे मांडणी केली आणि नंतर वीस प्रश्नांची चाचणी तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या यादीत व्हिडिओ गेमच्या विकाराला जागा मिळाली, तीही बेताने: खेळण्यावर ताबा उरलेला नाही, बाकी सगळे मागे पडले आहे, नुकसान दिसूनही थांबता येत नाही आणि हे साधारण वर्षभर चालले आहे, तर. एवढ्या कसोटीला उतरणारी मुले थोडी. त्यांना उपचार मिळालेच पाहिजेत. बाकीच्या घरांत असते ते अपुरी झोप, परीक्षेची धास्ती, जेवताना उडणारे खटके आणि एकाच खोलीत चार माणसांचे चार पडदे. याला रोग म्हणता येत नाही, म्हणून याकडे कोणी बघतही नाही.

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या तीनेक हजार वस्तीच्या गावाने याच मधल्या त्रासाला हात घातला. 2022 च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ग्रामपंचायतीने ठरवले की, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याचे त्याला मोकळे. सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली तेव्हा पुरुषमंडळी आधी हसली. मग बायकांची बैठक घेतली. मालिकांपायी आमचाही वेळ जातो, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले आणि गावाने एकत्र बंद करायचे असेल तर आम्ही तयार आहोत असे सांगितले. सुरुवातीला घरोघर जाऊन सांगावे लागले. दंड कुणालाच नव्हता.

माझ्या मते यातली कळीची गोष्ट आहे टीव्ही. सात म्हणजे एके काळी दिवेलागणीची, शुभंकरोतीची वेळ. आता ती मालिकांची. पोराला 'अभ्यासाला बस' म्हणून आई पडद्यापुढे बसली, तर पोराच्या लेखी ती फक्त शिक्षा ठरते. वडगावात आईनेही काही सोडले.

भोंगा बसवणारी ही पंचक्रोशीही साधी नाही. जवळच कुंडल. 1949 पर्यंत हा सगळा मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात होता आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार इथेच चालले. जी. डी. बापू लाडांची तुफान सेना इथलीच. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ तिने रेल्वे लुटली, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच प्रतिसरकारने दारूच्या भट्ट्या मोडल्या, न्यायदान मंडळे चालवली, वाचनालये काढली, कमी खर्चात लग्ने लावली, हे मात्र कमी सांगितले जाते. गावाने एकत्र बसून गावाच्या सवयी बदलायच्या, ही रीत तेव्हाची. पुढे सातारा जिल्ह्यात बायकांनी मतदान करून दारूची दुकाने बंद पाडली, ती 'आडवी बाटली'ही त्याच वळणाची. एक फरक विसरू नये. प्रतिसरकारच्या हातात धाक होता, 'पत्री सरकार' हे नाव काही उगीच पडले नव्हते. वडगावच्या हातात नुसता भोंगा होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातील बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. हेतू चांगला असला, तरी त्यात मोठ्यांना काहीच सोडावे लागत नाही. दक्षिण कोरियाने 2011 पासून सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ कायद्याने बंद केले होते. दहा वर्षांनी, 2022 उजाडताना, तो कायदा मागे घेतला. पोरे तोवर मोबाइलवरच्या खेळांकडे वळली होती आणि कायदा मुख्यतः संगणकावरचे खेळ धरून बसला होता. सातारा जिल्ह्यातले भिलार 2017 मध्ये 'पुस्तकांचे गाव' झाले. तिथे घराघरांत पुस्तके मांडली आहेत आणि मला ते गाव मनापासून आवडते. पण तिथे पाहुणेच जास्त वाचतात असे माझे निरीक्षण आहे.

वडगावची मर्यादा त्याच्या वेशीपाशी आहे. दहावी झाली की या भागातली मुले कराड, सातारा, सांगली, पुण्याकडे जातात आणि ग्रामसभा मागे राहते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले, तेव्हा एका छताखाली राहणे, एका पंगतीत जेवणे आणि कामाची वेळ एकत्र पाळणे हाच शिक्षणाचा पाया मानला होता. यंदा मी दोन वसतिगृहांच्या रेक्टरांशी बोललो. एक म्हणाले, रात्री दहाला वाय-फाय बंद करतो, पण पोरे आपापल्या डेटावर चालू ठेवतात. दुसऱ्यांकडे मुलांनीच ठरवून रात्रीच्या जेवणाला फोन भाकरीच्या रिकाम्या टोपलीत ठेवायला सुरुवात केली होती. रेक्टरांचाही फोन त्यात पडला पाहिजे, ही मुलांची अट होती. ती त्यांनी मान्य केली आहे. परीक्षेच्या दिवसांत मात्र घरून येणाऱ्या फोनसाठी सूट आहे.