मुंबईतील बिऱ्हाड आणि अंतराचा हिशेब

मुंबईच्या गृहप्रश्नाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा खोल्यांची संख्या, दर खोलीमागे माणसांची दाटी आणि भाड्याचा दर ह्या तीन गोष्टींवर खिळते. भाडेकरूने मात्र ह्या तिहींबरोबर एक चौथी गोष्ट नेहमीच हिशेबात घेतली, ती म्हणजे कामाच्या ठिकाणापासूनचे अंतर. अधिकाऱ्यांनी अज्ञान किंवा सवय म्हणून ज्याची नोंद केली, ते पुष्कळदा ह्या चौथ्या गोष्टीचे काटेकोर गणित होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वरळीला जे घडले, त्याचा उलगडा ह्याशिवाय होत नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दोन वर्षांनी शहर सुधारणेसाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या मोडून रुंद रस्ते काढणे हे ट्रस्टचे मुख्य काम. त्यामुळे जितकी घरे उभी राहिली त्याहून अधिक माणसे, काही काळ तरी, निराश्रित झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी इतकी चढली की १९१८ साली सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. ह्या पार्श्वभूमीवर १९२० मध्ये, सर जॉर्ज लॉईड गव्हर्नर असताना, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट अस्तित्वात आले. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता आणि त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीवर करही बसविण्यात आला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी व सुमारे १६,५०० खोल्या झाल्या. तळमजला आणि वर तीन मजले, दर मजल्यास वीस खोल्या, अशी ती सिमेंट-काँक्रीटची एकसुरी रचना होती. ह्यांपैकी १२१ चाळी, म्हणजे निम्म्याहून अधिक, एकट्या वरळीत होत्या. आणि वरळीच्याच खोल्या दीर्घकाळ ओस पडल्या.

शहरात माणसे जिन्याखाली झोपत असता सरकारी खोल्या रिकाम्या राहाव्यात, हे कोडे त्या काळी अनेकांना पडले. खर्चाच्या मानाने भाडे कमी ठेवूनही बिऱ्हाडे येईनात. कामगाराला कोंदट वस्तीची सवय जडली आहे, असा एक खुलासा सांगितला जाई. तो सोयीचा होता. त्यात सांगणाराकडे काहीच दोष येत नसे. परंतु परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी ह्या पट्ट्यातील कामगाराच्या दिवसाकडे पाहिले की कोडे उरत नाही. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील प्रौढ पुरुषाचा कामाचा दिवस बारा तासांचा ठरविला होता; १९२२ च्या कायद्याने तो अकरा तासांवर आणला. विश्रांतीचा वेळ त्याखेरीज. अशा दिवसाला जाण्यायेण्याचा दीड तास जोडणे म्हणजे झोपेतून दीड तास काढणे. त्या काळातील बहुसंख्य गिरणी कामगार गिरणीपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर राहत, ह्याचे पहिले कारण हे.

दुसरे कारण अधिक खोल आहे. गिरणीतील नोकरी आजच्या अर्थाने नोकरी नव्हती. मोठ्या संख्येने माणसे ‘बदली’ म्हणून काम करीत. भोंगा झाला की दरवाजाशी उभे राहायचे, कोणाचा खाडा पडला तर जॉबर आत घेईल, नाही तर परत. ही भरती रोज पहाटे होत असल्यामुळे दरवाजापाशी हजर असणे हीच कामाची पहिली पात्रता ठरे. दूर राहणाऱ्याला केवळ प्रवासाचा खर्च सोसावा लागे असे नव्हे. त्याला काम मिळण्याची शक्यताच घटे. शिवाय काम नसलेल्या दिवसांत धान्य उधार देणारा वाणी, खोलीत पथारी टाकू देणारा गावकरी, खानावळ चालविणारी बाई आणि खुद्द जॉबर ही सारी माणसे त्याच गल्लीत असत. वरळीची खोली हवेशीर होती, पण तेथे उधारी नव्हती. स्वस्त भाड्यात ह्या पतीचे मोल कोठेच धरलेले नव्हते.

गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत अंतराचा प्रश्न आणखी निकराचा होता. स्वयंपाक, पाणी आणि मूल आटोपून जी पाळीवर जाते, तिच्या दिवसात प्रवासाला जागाच नसते.

भाषेतील साक्ष ह्या बाबतीत लक्षणीय आहे. रत्नागिरी किंवा साताऱ्याकडून आलेला कामगार ‘घर’ हा शब्द गावासाठी राखून ठेवी. मुंबईत असे ती ‘खोली’. एकट्या पुरुषांच्या सामायिक बिऱ्हाडाला ‘गाळा’ म्हणत. खोलीची निवड घराच्या कसोट्यांनी होत नव्हती, हे ह्या शब्दांनीच सांगितले आहे. घर कसे आहे हे विचारतात. खोली कोठे आहे हे विचारतात.

गिरगाव-ठाकुरद्वारच्या कारकुनी पेशातील मराठी कुटुंबांचा हिशेब वेगळा होता. त्यांचे काम फोर्टात, वेळ ठरलेली, पगार महिन्याचा. १८७४ पासून घोड्यांची आणि १९०७ पासून विजेची ट्राम त्यांच्या दिमतीला होती. पायी जाणेही अशक्य नव्हते. रेल्वे तर त्याहून जुनी. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ सालीच सुरू झाली आणि १८६७ मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत गाडी येऊ लागली. तरीही पुढील अर्धशतकात ह्या रुळांमुळे कारकुनाचे बिऱ्हाड फारसे हलले नाही. रूळ असणे आणि रोज वेळेवर पोहोचण्याची हमी असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. ती हमी विजेने दिली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेची गाडी सुरू झाली; जानेवारी १९२८ मध्ये पश्चिमेकडे कुलाबा ते बोरिवली मार्गावर ती धावू लागली. त्याच सुमारास ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेतील भूखंडांवर इमारती उठत होत्या.

मात्र गाडीची गती हे एकच कारण पुरेसे मानले तर चूक होईल. विलेपार्ल्याचे उदाहरण घ्यावे. तेथे पार्ले टिळक विद्यालय १९२१ साली, म्हणजे विजेच्या गाडीपूर्वी, निघाले. ह्याचा अर्थ असा की कुटुंबाच्या हिशेबात मिळवत्या माणसाचे अंतर हे एकच अंतर नसते. मुलांची शाळा, भाजीबाजार, दवाखाना, माहेर ही सर्व अंतरे असतात. शाळा उपनगरात आली की मुलांचे अंतर मिटे. राहिले ते एकट्या कर्त्या पुरुषाचे, आणि ते पासाच्या रकमेत व मिनिटांत मोजता येत होते. दुपारच्या जेवणाचा प्रश्न डबेवाल्यांनी सोडविला. १८९० च्या सुमारास सुरू झालेला हा व्यवसाय घर आणि कचेरी ह्यांच्या फारकतीचेच अपत्य आहे. अर्थात त्या डब्यासाठी पहाटे चूल पेटविणाऱ्या गृहिणीची मिनिटे ह्या हिशेबात कोणी धरली नाहीत.

ह्याच काळानंतर मुंबईच्या मराठीत अंतर मिनिटांत सांगण्याची रीत रुळली. ठाणे किती लांब, ह्या प्रश्नाला मैलांत उत्तर देणारा मुंबईकर विरळा. गाडीचे नावही घड्याळावरून पडले: ‘आठ-सतराची’, ‘नऊ-पाचची’. विशेष्य गळून पडले आणि वेळेचे षष्ठ्यन्त रूप तेवढे नाम म्हणून उरले. ज्या वस्तूचा उल्लेख रोजच करावा लागतो तिचेच नाव इतके झिजते.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने ह्या गणिताचा पायाच बदलला. १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे ते प्रमाण भाडे, असा दंडक पडला आणि जुन्या भाडेकरूस घालविणे दुरापास्त झाले. भाडेकरूंना ह्या कायद्याने संरक्षण दिले, हे निर्विवाद. परंतु गिरगावातील खोली सोडणे म्हणजे ती कायमची गमावणे, अशी अवस्था त्यामुळे आली. कामाची जागा बदलली तरी बिऱ्हाड बदलेना. बाप पायी फोर्टात जाई. मुलगा त्याच खोलीतून ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यात जाऊ लागला. नव्याने येणाऱ्याला मात्र पागडी मोजावी लागे. कायद्याने तिला मज्जाव होता, तरी ती चालू राहिली. डोक्यावर मिरवायची वस्तू हाताखालून देण्याच्या रकमेचे नाव झाली, हा शब्दार्थाचा प्रवास मननीय आहे. ज्याच्याजवळ पागडी नव्हती तो डोंबिवली, नालासोपारा, विरारकडे गेला. जुन्या कायद्याची जागा ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या नव्या कायद्याने घेतली. तोवर अर्धशतकभर स्वस्त भाडे आणि थोडे अंतर एकाच्या वाट्याला, तर चढे भाडे व लांब प्रवास दुसऱ्याच्या, अशी विभागणी पक्की झाली होती.

विल्यम अलॉन्सो ह्यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की कुटुंब जागेची किंमत आणि प्रवासाचा भार ह्यांची तुलना करून आपले ठिकाण ठरविते. केंद्रापासून दूर जावे तसा भाड्याचा दर उतरतो. सिद्धान्त म्हणून मांडणी सुबक आहे. परंतु तीत जागा बदलण्याची मोकळीक गृहीत आहे. मुंबईच्या कामगाराला ती मोकळीक प्रथम जॉबरमुळे नव्हती, पुढे कायद्यामुळे राहिली नाही. मिनिटे आणि रुपये ह्यांचा परस्परांशी व्यवहार होतो खरा, पण व्यवहाराचे दर सर्वांना सारखे नसतात.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून मिटत गेल्या आणि त्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्याचा प्रश्न उभा राहिला. २०२४ मध्ये शासनाने शेलू आणि वांगणी येथे त्यांना घरे देण्याची योजना पुढे आणली. ही दोन्ही ठिकाणे बदलापूरच्या पलीकडे, कर्जतच्या वाटेवर आहेत. अनेक कामगार संघटनांनी ती नाकारली आणि जुलै २०२५ मध्ये गिरणी कामगार व त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले. घर मुंबईतच हवे, अशी त्यांची मागणी होती. वरळीच्या ओस खोल्यांना तेव्हा शंभर वर्षे होत आली होती.