चाचणी-फॅक्टरी (नोड.जेएस)

चाचणी-फॅक्टरी : सॉफ्टवेअरच्या चाचण्यांना लागणारे नमुना ऑब्जेक्ट हवे तेव्हा तयार करून देणारे फंक्शन किंवा लायब्ररी. 'डिझाइन पॅटर्न्स' (1994) या ग्रंथामुळे रूढ झालेल्या फॅक्टरी पॅटर्नशी नाव जुळत असले, तरी हिचे काम वेगळे आणि चाचणीपुरतेच आहे.

वाचनालयाच्या सर्व्हरचे उदाहरण घेऊ. वर्गणीची मुदत संपलेल्या सभासदाला पुस्तक मिळू नये, एवढेच तपासायचे आहे. पण सभासद डेटाबेसात घालायचा तर नाव, पत्ता, ईमेल, शाखा हे सगळे भरावे लागते. प्रत्येक चाचणीत ते हाताने लिहिले, की वीस ओळींत मुदतीची एक ओळ हरवते. फॅक्टरी बाकीचे तपशील स्वतः भरते. चाचणीत फक्त मुदतीची तारीख दिसते आणि वाचणाऱ्याला चाचणीचा विषय लगेच कळतो. टंकनाचे श्रम वाचतात हा दुय्यम फायदा. फॅक्टरीचे खरे मोल या स्पष्टतेत आहे.

पूर्वी यासाठी फिक्स्चर, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या नोंदींच्या फायली, वापरत. एकाच नोंदीवर अनेक चाचण्या विसंबून असल्याने एकीसाठी केलेला बदल दुसरीला मोडत असे. 2001च्या सुमारास थॉटवर्क्स कंपनीच्या प्रकल्पांतून 'ऑब्जेक्ट मदर' ही कल्पना पुढे आली, तर नॅट प्राइस यांनी 2007 मध्ये 'टेस्ट डेटा बिल्डर' मांडला. 2008 मध्ये थॉटबॉट कंपनीने रुबी भाषेसाठी 'फॅक्टरी गर्ल' आणली (2017 पासून 'फॅक्टरी बॉट'). जावास्क्रिप्टमधील रोझी, तिच्याच नावाची फॅक्टरी-गर्ल आणि टाइपस्क्रिप्टसाठी थॉटबॉटनेच केलेली फिशरी या लायब्रऱ्यांवर तिची छाप स्पष्ट दिसते.

जावास्क्रिप्टमध्ये लायब्ररीवाचूनही बरेच भागते. मूळ मूल्यांचा नवा ऑब्जेक्ट करायचा, त्यावर चाचणीने दिलेली मूल्ये स्प्रेडच्या तीन टिंबांनी पसरायची आणि तो परत करायचा : चार ओळींचे फंक्शन. लहान प्रकल्पाने इथूनच सुरुवात करावी. मात्र स्प्रेड वरवरचा असतो. पत्ता हा आतला ऑब्जेक्ट असेल आणि चाचणीने पत्त्यातला फक्त पिनकोड दिला, तर गाव आणि रस्ता पुसले जातात. मूळ मूल्यांचा ऑब्जेक्ट फंक्शनबाहेर ठेवला, तर आतला पत्ता सर्व सभासदांत सामाईक राहतो. एका चाचणीने तो बदलला की दुसरी कोसळते आणि कारण शोधण्यात दुपार जाते.

लायब्ररी सोयी वाढवते. क्रमांकमालेमुळे प्रत्येक ईमेल वेगळा राहतो आणि डेटाबेसाची 'युनिक' अट मोडत नाही. 'बिल्ड' ऑब्जेक्ट फक्त मेमरीत तयार करते, 'क्रिएट' तो साठवतेही. नोड.जेएसमध्ये हा फरक फार महत्त्वाचा, कारण साठवण असिंक्रोनस असते आणि 'क्रिएट' प्रॉमिस, म्हणजे निकाल नंतर देणारा ऑब्जेक्ट, परत करते. 'अवेट' विसरले तर सभासदाच्या जागी प्रॉमिस हाती येते आणि त्याचा आयडी 'अनडिफाइन्ड' असतो. सर्व्हर पुस्तक नाकारतो खरा, पण सभासद सापडला नाही म्हणून. चाचणी भलत्याच कारणाने पास होते आणि मुदतीचा नियम न तपासताच राहतो. म्हणून नकार तपासताना नकाराचे कारणही तपासावे.

संबंधित ऑब्जेक्टही फॅक्टरी तयार करते : पुस्तकाच्या देवघेवीसोबत सभासद, त्याची शाखा, पुस्तक, लेखक. एका 'क्रिएट'मागे पाच नोंदी डेटाबेसात जातात आणि शेकडो चाचण्यांत वेग मंदावतो. जिथे डेटाबेस लागत नाही तिथे 'बिल्ड'च वापरावे.

नावे-पत्त्यांसाठी बहुधा फेकर ही लायब्ररी जोडतात. जानेवारी 2022 मध्ये मूळ लेखकाने तिच्यातला कोड काढून टाकला. त्यानंतर स्वयंसेवकांनी नव्या नावाने ती पुढे चालवली. तिच्या यादृच्छिक मूल्यांमुळे चाचणी कधीतरीच नापास होण्याचा धोका असतो : ओ'कीफसारखे अवतरणचिन्ह असलेले आडनाव आले आणि हाताने जोडलेली एसक्यूएल क्वेरी तुटली, असे घडू शकते. अशा वेळी दोष क्वेरीचा असतो, पण पुढच्या वेळी आडनाव बदलते आणि दोष दडतो. सीड, म्हणजे यादृच्छिक मूल्यांचा आरंभीचा अंक, ठरवून दिले, तर त्याच आवृत्तीत आणि त्याच क्रमाने तीच मूल्ये पुन्हा मिळतात. नियम ज्या मूल्यावर अवलंबून आहे, जसे इथे मुदतीची तारीख, ते मात्र फेकरवर न सोडता चाचणीतच लिहावे.