कमळावरचा क्रूस

कल्याण, डोंबिवली किंवा ठाण्यातल्या एखाद्या सिरो-मलबार, म्हणजे केरळी कॅथलिकांच्या, चर्चमध्ये गेलात तर वेदीच्या बाजूचा क्रूस जवळून बघा. त्यावर येशूचा देह नसतो. खिळे नाहीत, काट्यांचा मुकुट नाही, कुशीतली जखम नाही. चारही भुजांची टोकं कळीसारखी फुललेली असतात. खाली पायऱ्या, पायऱ्यांवर कमळ, कमळातून दोन्ही बाजूंना वर वळलेली पानं आणि माथ्यावर खाली चोच करून उतरणारं कबुतर. काही ठिकाणी हे सगळं दोन खांबांवरच्या कमानीत बसवलेलं असतं आणि कमान मकरांच्या मुखातून निघालेली असते. मल्याळी मंडळी त्याला मार तोमा स्लीवा म्हणतात, म्हणजे संत थॉमसचा क्रूस.

बाहेरचा माणूस याकडे पाहून म्हणतो, हे केरळचं. रेल्वेत, कारखान्यांत, हॉस्पिटलांत नोकरीला आलेल्या लोकांनी सोबत आणलेलं. आणि आपल्याकडचं जुनं कॅथलिक चर्च म्हणजे ठाण्यात मासुंदा तलावाकाठी आहे तसं, पोर्तुगीज वळणाचं: देहासकट क्रूस, संतांच्या मूर्ती. या किनाऱ्यापुरतं बोलायचं तर हा क्रम उलटा लावायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

इसवी सन 550च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या माणसाने एक ग्रंथ लिहिला. आधी तो व्यापारी होता, पुढे साधू झाला. हिंदी महासागरातली बंदरं सांगताना तो ‘कल्लियाना’चं नाव घेतो. तिथून तांबं, शिसवीसारखं लाकूड आणि कापड बाहेर जातं, असं नोंदवतो. तिथे ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप इराणातून नेमून येतो, हेही सांगतो. हे कल्लियाना म्हणजे उल्हास नदीच्या खाडीवरचं आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पोर्तुगीज वसईत उतरायला तेव्हा जवळजवळ हजार वर्षं बाकी होती.

बिशप इराणातून येई, कारण हा ख्रिस्ती समाज रोमच्या नव्हे, पूर्वेकडच्या चर्चच्या छायेखाली होता. त्या चर्चचं पीठ सासानी साम्राज्याच्या राजधानीत, टायग्रिसकाठच्या सेल्युकिया-क्टेसिफोनला होतं. भाषा सिरियाक. आणि त्यांची क्रुसाची कल्पनाच वेगळी होती. क्रूस म्हणजे मृत्यूवर मिळवलेला विजय, पुन्हा पालवलेलं झाड. त्यावर मरणारा देह दाखवायचं कारणच नव्हतं. इराणी आखातातल्या खार्ग बेटावर आणि सर बनी यास बेटावर जुन्या मठांचे अवशेष निघाले, तिथेही क्रूस असेच रिकामे आणि नक्षीदार आहेत. क्रुसाच्या तळाशी वर वळणाऱ्या पानांचं मूळ काही अभ्यासक सासानी राजचिन्हांतल्या पसरलेल्या पंखांत शोधतात. पंखांची पानं झाली आणि पूर्वेला येता येता पानांखाली कमळ उमललं. चीनमध्ये शिआनला 781 सालची एक शिळा उभी आहे. तिच्या माथ्यावरचा क्रूसही कमळावरच आहे.

भारतातला या कुळातला सगळ्यात प्रसिद्ध दगड 1547 साली सापडला. मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटवर पोर्तुगीज चर्चचा पाया खणत होते, तेव्हा तो वर आला. कमानीच्या कडेने कोरलेला मजकूर कोणालाच लागेना. ती पहलवी लिपी, म्हणजे मध्ययुगीन इराणी लेखन आहे, हे 1873 साली बर्नेल या अभ्यासकाने दाखवून दिलं. जवळजवळ तोच मजकूर केरळात कोट्टयमच्या आणि इतर काही जुन्या क्रुसांवरही आहे. या दगडांचा काळ साधारण सातव्या ते नवव्या शतकातला मानतात. मकरतोरण, कमळ हे आपल्या देवळांच्या कोरीव कामातलं रोजचं वाण. ते इथल्या पाथरवटांच्या हाताचं, आणि अक्षरं इराणी. एकाच शिळेत दोन्ही इतक्या सहज नांदताना पाहून मला फार आनंद होतो.

देहासकट क्रुसाचं घराणं निराळं. युरोपात वेदनेने मान टाकलेला ख्रिस्त घडवायची चाल दहाव्या शतकानंतर जोर धरू लागली आणि तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन साधूंनी ती गावोगाव नेली. त्यांच्यातलाच विल्यम रुब्रुक 1253च्या सुमारास मंगोलांच्या मुलखात फिरत होता. नेस्तोरियन, म्हणजे त्या पूर्वेकडच्या चर्चचे, ख्रिस्ती आपल्या क्रुसावर ख्रिस्ताची आकृती घडवत नाहीत, हे त्याला खटकलं आणि त्याने ते लिहून ठेवलं.

ही दोन घराणी ठाण्यात एका छपराखाली आली ती 1321 साली. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री असे चार फ्रान्सिस्कन आणि त्यांच्यासोबत जॉर्डानस हा डोमिनिकन, होर्मुझहून जहाजाने निघाले. जायचं होतं कोल्लमला, जहाज लागलं ठाण्याला. त्यांना आसरा दिला तो इथल्या एका नेस्तोरियन कुटुंबाने. जॉर्डानस बाप्तिस्मे द्यायला पुढे गेला असताना एप्रिलमध्ये ते चौघे तिथल्या अंमलदाराच्या हुकमाने मारले गेले: तिघे 9 तारखेला, पीटर 11 तारखेला. जॉर्डानसने त्यांना सोपाऱ्याला पुरलं. पुढे ओदोरिक हा फ्रान्सिस्कन आला, त्याने त्यांच्या अस्थी काढून थेट चीनमधल्या झैतूनला, आजच्या च्वानचौला नेल्या. त्या बंदरात कमळावरचे क्रूस कोरलेले ख्रिस्ती थडग्यांचे दगड आजही पाहायला मिळतात. इटलीत सिएनाच्या सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये अम्ब्रोजिओ लोरेन्झेत्तीने फ्रान्सिस्कन साधूंच्या शिरच्छेदाचं भित्तिचित्र काढलं. तो प्रसंग ठाण्याचाच, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे.

1534 साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, पाठोपाठ साष्टी आणि ठाणं. आता देहाचा क्रूस राज्यकर्त्यांसोबत आला. पण त्या काळात किनाऱ्यावर जे दगडी क्रूस उभे राहिले, ते नीट निरखून पाहण्यासारखे आहेत. वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात सतरा फुटी क्रूस आहे, एकाच दगडातून काढलेला. मुळात तो वांद्र्याच्याच जेझुइट विद्यालयातला. त्याच्या अंगभर ख्रिस्ताच्या यातनांच्या खुणा कोरल्या आहेत. शिडी, हातोडा, पकड, खिळे, भाला, फटके मारायचा खांब, प्रेषित पीटरने येशूला नाकारल्यावर आरवलेला कोंबडा, अंगरख्यासाठी टाकलेले फासे: या घराण्यातल्या क्रुसांवरची ही ठरलेली चिन्हं. देह कोरलेला नसला तरी त्याच्यावर काय काय झालं त्याचा सगळा पाढा दगडात वाचता येतो. ज्यांना लॅटिन येत नव्हतं त्या कोळ्या-कुणब्यांना गुड फ्रायडेची कथा या दगडांनी सांगितली.

केरळात मात्र दोन घराण्यांची गाठ इतकी सुखाची झाली नाही. 1599 साली गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी उदयंपेरूरला धर्मसभा भरवली आणि तिथल्या थॉमस ख्रिस्त्यांच्या, म्हणजे संत थॉमसचा वारसा सांगणाऱ्या जुन्या ख्रिस्ती समाजाच्या, चालीरीती रोमन साच्यात बसवल्या. मूर्ती आल्या, लाकडी सोनेरी वेद्या आल्या, देहाचा क्रूस मध्यभागी आला. जुना स्लीवा हळूहळू भिंतीतला पूज्य दगड होऊन राहिला.

तो पुन्हा वेदीपाशी आला विसाव्या शतकात, सिरो-मलबार चर्चने आपली जुनी उपासना शोधायला घेतली तेव्हा. वाद पेटला. एर्नाकुलमच्या बाजूच्या अनेकांनी त्याला ख्रिस्ती क्रूस मानायलाच नकार दिला, मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथाचं चिन्ह ठरवलं. तो आक्षेप मला टिकणारा वाटत नाही, कारण आखातापासून शिआनपर्यंतचे त्याचे भाऊबंद उघडउघड ख्रिस्ती आहेत. पण ज्यांच्या आजीने आयुष्यभर देहाच्या क्रुसापुढे गुडघे टेकले, त्यांना रिकामा क्रूस परका वाटावा, यात नवल नाही.

30 एप्रिल 1988ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी मुंबई-पुणे-नाशिक भागातल्या सिरो-मलबार लोकांसाठी वेगळा धर्मप्रांत स्थापला. पीठ कल्याण. तोवर ही मंडळी बहुतेक लॅटिन, म्हणजे रोमन पद्धतीच्या, चर्चमध्येच मिस्सेला जात. कॉस्मसने नोंदवलेल्या गावाला पुन्हा सिरियाक परंपरेचा बिशप मिळाला आणि त्याच्यामागोमाग कमळावरचा क्रूसही ठाणे-कल्याण पट्ट्यात आला.

त्या पहिल्या कल्याणकरांच्या हातचा क्रूस मात्र कल्याणच्या मातीतून निघालेला नाही. गोव्यात 2001 साली झुआरीकाठच्या आगशी गावाजवळ फादर कॉज्मे कॉस्ता यांना पहलवी अक्षरं असलेला क्रूस सापडला, तोवर तिथेही काही नाही असंच समजत होते. कल्याणच्या खाडीकाठी, ठाण्यात, नालासोपाऱ्यात आज जागोजागी टॉवरांचे पाये खणले जात आहेत. पोकलेनच्या फाळाखाली घडीव दगड आला तर तो भरावात टाकू नका. माती झटकून एक फोटो काढा आणि तहसीलदारांना किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. कमळाची पाकळी, मकराचं तोंड, ओळीने कोरलेली अनोळखी अक्षरं: यातलं एक जरी दिसलं तरी काम थांबवायला तेवढं पुरेसं आहे.