बुडिताची भाषा

बरगी धरणाचा हिशेब दोन आकड्यांत सांगता येतो : १०१ आणि १६२. जबलपूरजवळच्या या धरणामुळे नर्मदाकाठच्या १०१ गावांना झळ पोहोचेल, असा सरकारी अंदाज होता. जलाशय भरला तेव्हा ती १६२ निघाली. मंडला, सिवनी आणि जबलपूर या तीन जिल्ह्यांतली ही गावं, त्यांतली बरीचशी गोंड आदिवासींची. सरकारने वसवलेल्या काही पुनर्वसन वसाहतींतही पाणी शिरलं. एकदा उठवून बसवलेल्यांना पुन्हा उठावं लागलं. सत्तरच्या दशकात सुरू झालेलं काम १९९० च्या सुमारास पुरं झालं. मोबदला रोखीत मिळाला. रोख संपली, आणि कित्येक शेतकरी जबलपूरच्या रस्त्यांवर सायकलरिक्षा ओढू लागले. जलाशयाला नाव मिळालं ते रामगढच्या राणी अवंतीबाईंचं, १८५७ च्या उठावात याच मुलखात इंग्रजांशी लढलेल्या राणीचं.

या माणसांना काय म्हणायचं? १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार शरणार्थी ठरायला देशाची सीमा ओलांडावी लागते. (भारताने त्या करारावर सही केलेली नाही, ही गोष्ट वेगळी.) बरगीच्या लोकांनी सीमा ओलांडली नव्हती, ते आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच नदीकाठी परके झाले होते. अशांची दखल संयुक्त राष्ट्रांनी १९९८ च्या अंतर्गत विस्थापनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत घेतली. लोकहिताचं सबळ कारण नसताना मोठ्या विकासप्रकल्पांसाठी माणसं हलवणं त्यात मनमानी विस्थापन मानलं आहे. पण ती तत्त्वंच. कायद्याचं बंधन त्यांना नाही.

मराठीत ‘निर्वासित’ हा शब्द घरोघरी पोहोचला तो फाळणीनंतर, कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबं उतरली तेव्हा. धरणाने उठवलेल्यांसाठी आपण ‘धरणग्रस्त’, ‘प्रकल्पग्रस्त’ हे शब्द वापरतो. दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, तसे प्रकल्पग्रस्त. जणू प्रकल्पही आभाळातूनच कोसळतो. हिंदीत नुसतं ‘डूब’ म्हणतात. त्याला मराठी शब्द ‘बुडीत’. तो आपल्याकडे बँकेतल्या कर्जालाही लागतो आणि गावालाही, आणि अनुवाद करताना मला तो दर वेळी क्षणभर थांबवतो.

शब्दांचा हा काथ्याकूट अशासाठी, की विद्यापीठांतून नर्मदाखोऱ्यात गेलेल्या मुलामुलींनी जे काम केलं ते मुख्यतः भाषेचं होतं. त्यांच्याविषयी लिहिताना मोर्चे, अटका, उपोषणं यांचीच वर्णनं येतात. पण कागद वाचून दाखवण्याचं आणि बोललेलं कागदावर उतरवण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं, आणि त्याचे फोटो कुणी काढत नाही.

बरगीच्या खाली, गुजरातेत, सरदार सरोवर बांधलं जात होतं. त्यासाठी नर्मदा लवादाने डिसेंबर १९७९ मध्ये निवाडा दिला : जमीन गेलेल्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन, आणि सज्ञान मुलगा हे वेगळं कुटुंब. बरगीला या अटी लागू नव्हत्या. पुढे जागतिक बँकेच्या कर्जामुळे पुनर्वसनाचं मूल्यमापन संस्थांकडे आलं : महाराष्ट्रासाठी मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, गुजरातसाठी सुरतचं सेंटर फॉर सोशल स्टडीज, मध्य प्रदेशासाठी सागरचं हरिसिंह गौर विद्यापीठ. (मुळशीकरांनी १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. पंधरा वर्षांनी टाटांच्याच विश्वस्त निधीतून ही मुंबईची संस्था निघाली, आणि कालांतराने तिच्याच हाती धरणग्रस्तांची मोजणी आली.)

त्याच संस्थेत शिकलेल्या मेधा पाटकर पीएच.डी.चा प्रबंध अर्धवट टाकून १९८५ मध्ये खोऱ्यात पोहोचल्या. पुढच्या वर्षी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात नर्मदा धरणग्रस्त समिती उभी राहिली. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बुडितात जाणार होती. गावातली भाषा भिलोरी नाही तर पावरी, तालुक्याच्या कचेरीतली मराठी, लवादाचा निवाडा इंग्रजी. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली कितीतरी जमीन वनखात्याच्या दप्तरी ‘अतिक्रमण’ होती. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे तो खातेदार नाही. अशा वेळी ‘सज्ञान मुलगा’ या दोन शब्दांचा अर्थ चुलीपाशी बसून समजावणं म्हणजे त्या घरापुढे दोन हेक्टर जमिनीचा दावा ठेवणं होतं. अक्षर ओळखणारं कुणी पाण्याच्या आधी पोहोचलं की नाही, यावर बरंच काही ठरत होतं. मणिबेली आणि तिच्या शेजारच्या गावांत ते पोहोचलं. बरगीत विस्थापितांच्या संघटनेने जोर धरला तो पाणी चढल्यावर.

या तरुणांत एकमत होतं असं नाही. गुजरातच्या बाजूला, छात्र युवा संघर्ष वाहिनीच्या परंपरेतला आर्च-वाहिनी हा गट बुडितातल्या गावांत आधीपासून काम करत होता. गुजरात सरकारने १९८७ च्या अखेरीस भूमिहीन आणि ‘अतिक्रमणदार’ यांनाही जमीन देण्याचं मान्य केल्यावर तो गट पुनर्वसन नीट करून घेण्याच्या बाजूने गेला. पाटकरांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये धरणालाच विरोध जाहीर केला. दोन्हींकडच्यांनी एकमेकांना पुढे फार कडू शब्द ऐकवले. माझा कल आंदोलनाकडे आहे. पण घरोघर जाऊन हक्कदारांच्या याद्या करणं दोघांनाही चुकलं नाही, आणि त्या याद्यांना मी दोघांच्या भाषणांहून जास्त मानते.

शहरातून येणाऱ्यांचा ओघ पावसाळ्यात वाढे, कारण सत्याग्रह पावसाळ्यात असत. परीक्षा आल्या की तो आटे. राहिले ते थोडे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला निघालेल्या जीवनशाळा अशा राहिलेल्यांच्या आणि गावच्या तरुणांच्या जोरावर चालल्या. तिथे मुलं आधी आपल्या बोलीत शिकत आणि मग मराठीकडे वळत. अक्षर ओळखणारं माणूस बाहेरून येण्याची वाट पाहायची नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

बरगीला उशिरा का होईना, थोडं मिळालं. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर गाळपेर करण्यासाठी लोक झगडले. १९९४ मध्ये जलाशयातल्या मासेमारीचा हक्क विस्थापितांच्याच सहकारी संघाकडे आला. तो पुढे टिकला नाही.

आता त्याच जलाशयाच्या काठी, मंडला जिल्ह्यात, चुटका अणुऊर्जा प्रकल्प ठरला आहे. ७०० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या, आणि त्यांना लागणारं पाणी बरगीचं. चुटका, टाटीघाट, कुंडा ही गावं पुन्हा यादीत आली, आणि तिथे राहतात ते बरगीने एकदा उठवलेलेच लोक. दुसऱ्यांदा विस्थापित होणाऱ्यासाठी हिंदीत वेगळा शब्द नाही, मराठीतही नाही. लोकांच्या विरोधामुळे जनसुनावणी २०१३ मध्ये पुढे ढकलावी लागली. ती झाली २०१४ मध्ये.

पर्यावरण-परिणामाच्या अहवालाबाबत २००६ ची केंद्रीय अधिसूचना सांगते की त्याचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा. सारांश म्हणजे काही पानं. मूळ अहवाल शेकडो पानांचा. जबलपूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने तो मांडीवर घेऊन चुटक्याच्या ओसरीवर बसायचं ठरवलं, तर त्याने सुरुवात मागच्या पानांपासून करावी. किती घरं, किती शेतं, कुणाची कोणत्या नावाने, याचे तक्ते शोधावेत, आणि एकेक नाव मोठ्याने वाचावं.