अग्निमुखांतले खडे

सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हाच; परंतु तो भेगांतून संथपणें पसरला, म्हणून बहुतांशीं घट्ट व जड. अमेरिकेंत ॲरिझोनामधील फ्लॅगस्टाफभोंवतीं निराळा प्रकार घडला. तेथें वायूनें फसफसणारा रस कारंज्यासारखा उडाला, हवेंतच थिजला, आणि त्या सच्छिद्र खड्यांच्या राशी सांचून टेकड्या उभ्या राहिल्या. लोखंड गंजल्यानें कांहीं खडे भाजल्या विटेसारखे तांबडे, बाकीचे काळे.

ही रास सुटी असते. ओढावी, चाळावी, गाडींत भरावी! पाणी तींतून चटकन् निथळतें, म्हणून अमेरिकेच्या पश्चिमेस हे खडे रुळांखालीं पसरले गेले. वजनाला हलके, म्हणून सिमेंटांत कालवून त्यांचे ठोकळे पाडले. जड गाड्यांखालीं मात्र ते चुरतात. त्या कामीं आपली काळी खडीच सरस.

खडे सोपे निघतात, हाच टेकडीचा घात. त्यांतून १९२८ सालीं एका चित्रपट कंपनीनें दरड कोसळल्याचें दृश्य घेण्यासाठीं ‘सनसेट क्रेटर’ला सुरुंग लावण्याचा घाट घातला. ही सुमारें १,००० फूट उंचीची टेकडी अवघ्या नऊशें वर्षांची. भूगर्भाच्या हिशेबीं तान्हें बाळच! हॅरल्ड कोल्टन प्रभृतींनीं विरोध केला, आणि १९३० सालीं अध्यक्ष हूव्हर यांनीं तिला राष्ट्रीय स्मारक ठरविलें.

शेजारच्या कित्येक टेकड्यांना असा वकील लाभला नाहीं. त्यांचे खडे हिवाळ्यांत, बर्फावर चाकें घसरूं नयेत म्हणून, रस्त्यांवर पसरतात.