लाटसाहेबांपासून राज्यपालांपर्यंत : यवतमाळच्या नजरेतून



नागरिकशास्त्राच्या पुस्तकात राज्यपालांचा धडा येतो. तेवढ्यापुरता आपण तो पाठ करतो आणि परीक्षा संपली की विसरतो. ‘राष्ट्रपती राज्यपालांची नेमणूक करतात, मुदत पाच वर्षे, वयाची अट पस्तीस वर्षे’ एवढे लिहिले की गुण मिळतात. परंतु या पदाचा आपल्या यवतमाळ जिल्ह्याशी काय संबंध, असे विचारले तर हुशार विद्यार्थीही गप्प बसतो. संबंध तर फार जुना आहे. आपल्या मातीतला एक सत्याग्रही तुरुंगातून बाहेर येऊन पुढे राज्यपाल झाला. दुसरा एक माणूस मुख्यमंत्रिपदावरून उतरून राज्यपाल झाला. आणि आपल्या विदर्भासाठी राज्यपालांवर एक खास जबाबदारी टाकण्याची तरतूद राज्यघटनेतच आहे. हे सारे आपणांस माहीत असावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अमेरिकेच्या बातम्या वाचताना ‘अमुक राज्याचा गव्हर्नर निवडणुकीत विजयी’ असे वाक्य आढळते आणि विद्यार्थी विचारतात, ‘सर, मग आपले गव्हर्नर निवडणूक का लढवत नाहीत?’ प्रश्न अगदी रास्त आहे. अमेरिकेतील गव्हर्नर हा आपल्या मुख्यमंत्र्यासारखा असतो. तो राज्याचा कारभार स्वतः चालवतो, विधिमंडळाने संमत केलेले विधेयक नाकारू शकतो, आणि त्याला जनता थेट मत देऊन निवडते. न्यू हॅम्पशायर व व्हरमाँट ही दोन राज्ये सोडली तर सर्वत्र त्याची मुदत चार वर्षांची असते. फ्रँकलिन रूझवेल्ट हे राष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वी न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर होते. थोडक्यात, तेथे गव्हर्नरपद ही वर चढण्याची पायरी आहे. आपल्याकडे बहुधा ती उतारवयातील विश्रांतीची जागा समजली जाते. ही समजूत कितपत खरी आहे ते आपण पाहूच.

आपल्या वऱ्हाडची कथा तर आणखी वेगळी. १८५३ च्या तहाने हैदराबादच्या निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, असा तो विचित्र संसार होता. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपये ठरवून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला. तेव्हा आपला जिल्हा ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. नागपुरात बसणारे चीफ कमिशनर आता आपले वरिष्ठ झाले. १९२० च्या अखेरीस मध्य प्रांत-वऱ्हाडला गव्हर्नर मिळाला आणि सर फ्रँक स्लाय हे पहिले गव्हर्नर झाले. लोकांच्या तोंडी मात्र हे सगळे ‘लाटसाहेब’च. वऱ्हाडची मालकी कागदोपत्री निजामाची असल्याने एक गंमत होई. वऱ्हाडातून निवडून आलेला प्रतिनिधी थेट कौन्सिलात बसू शकत नसे. लोकांनी निवडायचे आणि मग सरकारने त्याचीच ‘नेमणूक’ करायची, अशी द्राविडी प्राणायामाची पद्धत होती.

या लाटसाहेबांच्या हाती किती सत्ता होती याचा धडा जुलै १९३८ मध्ये नागपूरला मिळाला. डॉ. ना. भा. खरे हे प्रांताचे मुख्यमंत्री होते. त्या काळी त्यांना पंतप्रधान म्हणत. महाकोशलातील मंत्र्यांशी त्यांचे पटेना. त्यांनी राजीनामा दिला आणि सहकाऱ्यांकडेही राजीनामे मागितले. पंडित रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दु. के. मेहता यांनी काँग्रेसश्रेष्ठींच्या आज्ञेशिवाय राजीनामा देण्यास नकार दिला. तेव्हा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्या तिघांना रातोरात बडतर्फ केले आणि खऱ्यांनाच नवे मंत्रिमंडळ बनवण्यास बोलावले. काँग्रेसमध्ये एकच खळबळ उडाली. काही दिवसांतच खऱ्यांना पायउतार व्हावे लागले व शुक्ल मुख्यमंत्री झाले. भांडण कोणाचे बरोबर होते यावर जुनी माणसे अजून वाद घालतात. आपल्याला येथे एवढेच पाहायचे आहे की लोकांनी निवडलेल्या मंत्र्यांना न निवडलेला एक माणूस एका रात्रीत घरी पाठवू शकत होता.

याच काळातील आपल्या जिल्ह्याचा माणूस म्हणजे लोकनायक माधव श्रीहरी अणे. जन्म वणीचा, १८८० चा. वकिली यवतमाळला. लोकमान्य टिळकांचे ते निष्ठावंत अनुयायी. १९३० साली गांधीजींनी मीठ उचलले तेव्हा आपल्याकडे ना समुद्र ना मिठागर. मग वऱ्हाडाने जंगलाचा कायदा मोडायचे ठरवले. १० जुलै १९३० रोजी बापूजी अण्यांनी पुसदला सरकारी राखीव जंगलातील गवत कापले आणि कैद पत्करली. गुन्हा काय, तर गवत कापले! पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाले. अनेकांना ते रुचले नाही. परंतु फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजी तुरुंगात उपोषणाला बसले असता सरकार त्यांना सोडण्यास तयार होईना, तेव्हा अण्यांनी होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह त्या मोठ्या पगाराच्या खुर्चीचा राजीनामा दिला. त्यानंतर ते सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी होते. आणि जानेवारी १९४८ मध्ये ते बिहारचे राज्यपाल म्हणून पाटण्याला गेले. गवत कापल्याबद्दल ज्याला गव्हर्नरच्या सरकारने तुरुंगात टाकले, तोच अठरा वर्षांनी गव्हर्नरच्या खुर्चीत बसला! १९५२ पर्यंत ते तेथे होते, म्हणजे २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली तेव्हा ते त्याच पदावर होते. निवृत्तीनंतरही ते स्वस्थ बसले नाहीत. वेगळ्या विदर्भाचा पुरस्कार करीत १९६२ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, ते नागपुरातून लोकसभेवर निवडून गेले. लोकमान्यांवर त्यांनी संस्कृतात लिहिलेल्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या काव्यास त्यांच्या मृत्यूनंतर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विश्रांतीची जागा म्हणणाऱ्यांनी हे आयुष्य एकदा वाचावे. योगायोग असा की पाटण्याच्या त्याच खुर्चीत २००६ ते २००८ या काळात आणखी एक वऱ्हाडी माणूस बसला. ते म्हणजे अमरावती जिल्ह्यातील रा. सू. गवई.

आता विद्यार्थ्यांच्या मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या घटना समितीनेही आरंभी राज्यपाल लोकांनी निवडावा असाच विचार केला होता. परंतु मे १९४९ च्या अखेरीस समितीने तो बदलला. लोकांनी निवडलेला मुख्यमंत्री एकीकडे आणि लोकांनीच निवडलेला राज्यपाल दुसरीकडे, अशा दोन तलवारी एका म्यानात कशा राहणार? शिवाय फाळणीच्या जखमा ओल्या होत्या आणि देश एकसंध राखायचा होता. म्हणून राष्ट्रपतींनी नेमलेला, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागणारा राज्यपाल पसंत करण्यात आला. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे सारा भार त्या व्यक्तीच्या निःपक्षपातीपणावर पडला, हेही विसरून चालणार नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि आपले राज्यपाल नागपूरऐवजी मुंबईच्या मलबार हिलवर राहू लागले. तत्पूर्वी नागपुरात मंगलदास पक्वासा व डॉ. पट्टाभी सीतारामय्या यांनी हे पद भूषवले होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा श्रीप्रकाश हे पहिले राज्यपाल झाले. त्यांच्यानंतर आलेले डॉ. सुब्बरायन थोड्याच महिन्यांत पदावर असताना वारले. मग श्रीमती विजयालक्ष्मी पंडित आल्या. राज्याच्या त्या पहिल्या महिला राज्यपाल. नोव्हेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे निधन झाले आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी विजयालक्ष्मीबाईंच्या काळात पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. बंजारा तांड्यात जन्मलेला आपल्या जिल्ह्याचा हा सुपुत्र १९७५ पर्यंत त्या पदावर राहिला.

त्यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध ज्या राज्यपालांबरोबर गेला, ते नवाब अली यावर जंग आपल्या वाचकांनी अवश्य जाणून घ्यावेत. हैदराबादच्या विद्याप्रेमी घराण्यातील ते. त्यांच्या मातोश्री तय्यिबा बेगम बिलग्रामी या देशातील पहिल्या मुस्लिम पदवीधर स्त्रियांपैकी एक. यावर जंग उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते. नंतर इजिप्त, फ्रान्स, अमेरिका अशा देशांत भारताचे राजदूत होते. १९६५ मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू असताना प्रवेशाच्या प्रश्नावरून चिडलेल्या विद्यार्थ्यांच्या जमावाने त्यांना जबर मारहाण केली. असा प्रसंग आल्यावर दुसरा कोणी शिक्षणक्षेत्राला रामराम ठोकून गेला असता. ते बरे झाले आणि कुलगुरुपदावर कायम राहिले. १९७० मध्ये ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले आणि ११ डिसेंबर १९७६ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. मुंबईच्या वांद्रे येथील कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था त्यांच्या नावाने चालते.

त्यांच्यानंतर आलेले गांधीवादी सादिक अली आणि पुढे १९८२ ते १९८५ या काळातील एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ हेही स्मरणीय. फाळणीच्या वेळी लतीफ तरुण वैमानिक होते. सोबतचे मित्र पाकिस्तानात निघाले व त्यांनाही बोलावत होते, तरी त्यांनी भारताचेच हवाई दल निवडले आणि १९७८ मध्ये त्याचे प्रमुख झाले. आपल्याशी त्यांचा आणखी एक धागा आहे. राज्यपाल हेच राज्यातील विद्यापीठांचे कुलपती असतात. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि यवतमाळची महाविद्यालये त्याला जोडली गेली, तेव्हा लतीफ कुलपती होते.

आपल्या जिल्ह्याचे दुसरे राज्यपाल म्हणजे सुधाकरराव नाईक. वसंतरावांचे पुतणे, गहुलीचेच. जून १९९१ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. मुंबईतील भीषण दंगलींनंतर फेब्रुवारी १९९३ मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले. १९९४ मध्ये ते हिमाचल प्रदेशचे राज्यपाल म्हणून सिमल्याला गेले. पण देवदारांच्या सावलीत त्यांचे मन रमले नसावे. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये ते परतले आणि १९९८ साली वाशीममधून लोकसभेवर गेले. ते ओळखले जातात पाणी अडवण्याच्या कार्यासाठी. त्यांची पुण्यतिथी, १० मे, हा दिवस राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. राज्यपालपदाचा उल्लेख लोक अभावानेच करतात.

सुधाकरराव सिमल्याला गेले त्याच वर्षी महाराष्ट्रात आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट घडली. राज्यघटनेच्या कलम ३७१ च्या दुसऱ्या पोटकलमात, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी स्वतंत्र विकास मंडळांची विशेष जबाबदारी राष्ट्रपती राज्यपालांवर सोपवू शकतात, अशी तरतूद १९५६ पासून होती. १९८४ मध्ये विधिमंडळाने तशी मागणी केली आणि ९ मार्च १९९४ रोजी राष्ट्रपतींचा आदेश निघाला. डॉ. पी. सी. अलेक्झांडर तेव्हा राज्यपाल होते. १९९३ ते २००२ एवढा दीर्घकाळ ते या पदावर राहिले. सिंचनाचा निधी कोणत्या विभागाला किती द्यावा, अनुशेष कसा भरावा, याचे निर्देश राजभवनातून निघू लागले. एरवी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणारे हे पद या एका बाबतीत आपल्यासाठी स्वतः बोलू लागले.

पालकांनी या कलमाचे शब्द नीट पाहावेत. त्यात केवळ धरणे आणि रस्ते नाहीत. तांत्रिक शिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी, तसेच राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पुरेशी संधी, यांची न्याय्य व्यवस्थाही त्यात आहे. म्हणजे दिग्रसच्या वा उमरखेडच्या मुलाला यंत्रशिक्षणाची जागा मिळावी ही गोष्ट थेट राज्यघटनेत लिहिलेली आहे. मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, असेही तेथे म्हटले आहे.

अलीकडच्या काळात राज्यपालांचे नाव वृत्तपत्रांत गाजले ते निराळ्याच कारणांनी. २३ नोव्हेंबर २०१९ च्या भल्या पहाटे राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी शपथविधी उरकला गेला. १९३८ ची ती रात्र आठवावी असाच तो प्रकार. या वेळी मात्र सर्वोच्च न्यायालय होते. त्याने बहुमताची परीक्षा सभागृहात घेण्यास सांगितले आणि ते सरकार काही दिवसांतच गेले. जून २०२२ मध्ये राज्यपालांनी बहुमत सिद्ध करण्याचा दिलेला आदेश योग्य नव्हता, असे त्याच न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी स्पष्ट सांगितले. १९३८ साली खरे-शुक्ल प्रकरणात दाद मागायला असे न्यायालय नव्हते.

या गदारोळात एक बातमी मात्र फारशी कोणी वाचली नाही. विकास मंडळांची वेळोवेळी वाढवलेली मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. देश तेव्हा टाळेबंदीत होता. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय घेतला. कलम ३७१ चे ते पोटकलम मात्र आजही राज्यघटनेत जसेच्या तसे आहे, आणि राज्यघटनेची मराठी प्रत ग्रंथालयात मिळू शकते.